पाणबुडीचा एक मार्क : सातवीच्या चाचणीतलं प्रकरण

हे प्रकरण तसं एका मार्काचं आहे, पण आमच्या स्टाफरूममधे ते दोनेक आठवडे चाललं आणि त्यात माझ्या दोन चुका झाल्या, म्हणून नीट लिहून ठेवतेय. शाळेचं नाव, मुलांची नावं, गाव सगळं काढून टाकलंय.

पार्श्वभूमी

मी नाशकात एका मराठी शाळेत सातवीला मराठी शिकवते. दुसऱ्या सत्रातली पहिली घटक चाचणी नोव्हेंबरच्या शेवटी होती. त्याआधी वर्गात मी 'पाण' लागून होणारे शब्द घेतले होते, म्हणजे जोडशब्द करताना पाणी या शब्दाचा शेवटचा ई गळतो आणि नुसतं पाण उरतं तसले, पाणवठा, पाणलोट, पाणकळा, पाणचक्की, पाणमांजर, पाणघोडा वगैरे. मुलांना मजा आली होती, एकाने पाणीपुरीचं पाणपुरी का होत नाही असंही विचारलं आणि त्याला मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन पुढे गेले.

तर चाचणीत मी त्यातलेच चार शब्द टाकले. शब्दांचे अर्थ लिहा, प्रत्येकी 1 मार्क. त्यात एक होता पाणबुडी. नमुना उत्तरपत्रिका मीच लिहिली, त्यात पाणबुडीपुढे लिहिलं, 'पाण्याखालून जाणारी बोट'. लिहायला पाच सेकंद लागली असतील. दुसरं काही असू शकेल असं डोक्यातही आलं नाही.

अडचण

दोन तुकड्यांचे मिळून 90 च्या आसपास पेपर, रात्री जेवण झाल्यावर तपासायला बसायचं, अशा वेळी डोळे उत्तर वाचत नाहीत, उत्तरपत्रिकेशी जुळतंय का तेवढंच बघतात. एका मुलीने लिहिलं होतं, 'पाणबुडी म्हणजे बंधाऱ्यातला छोटा पक्षी, तो एकदम खाली जातो आणि लांब वर येतो.' मी लाल पेनाने काट मारली आणि बाजूला शून्य. वर शेरा पण मारला, 'प्रश्न नीट वाचा'. हा शेरा मला अजून टोचतो.

मुलगी निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावची, शिकायला इथे आत्याकडे राहते. पेपर घरी गेले, आणि पुढच्या बुधवारी तिचे आजोबा शाळेत हजर. गंगेवरच्या (गोदावरीलाच नाशकात गंगा म्हणतात) बुधवारच्या बाजाराला आले होते, हातात भाजीची पिशवी, तसेच आले. आवाज चढवला नाही, काही नाही. पेपर टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, पोरीनं चुकीचं काय लिवलंय तेवढं सांगा."

मी म्हणलं, बाबा, पाणबुडी म्हणजे बोट असते, नौदलाची.

"असंल की. पर इथं नाशकात बोट कोनी पाह्यलीय? पानबुडी आमच्या बंधाऱ्यात रोज दिसती. मी पोरगा होतो तवापासून दिसती."

ते पानबुडी म्हणत होते, ण नाही न, आणि खरं सांगते, पहिल्या वाक्याला मला पानात बुडणारं काहीतरी वाटलं. मी त्यांना चहा दिला आणि बघते म्हणून सांगितलं. बघते म्हणजे काय बघणार होते ते मला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी दोन्ही तुकड्यांचे पेपर परत मागवून घेतले आणि फक्त त्या एका प्रश्नाची उत्तरं वाचत बसले. बहुतेकांनी बोटच लिहिलेली. पण सहासात जणांनी नुसतं 'सबमरीन' लिहिलं होतं आणि त्यांना मी पूर्ण मार्क दिला होता! म्हणजे मराठी शब्दाचा अर्थ मराठीच्या पेपरात इंग्रजीत लिहिला तर बरोबर, आणि निफाडच्या मुलीने मराठीत पक्षी लिहिला तर शून्य. एकाने लिहिलं होतं, 'पाण्यात बुडी मारून वस्तू काढणारी माणसं', त्यालाही शून्य. आणि एकाने 'पाण्यात बुडालेली बोट', त्याला शून्य. या शेवटच्या मुलाबद्दल पुढे येईलच.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापक सरांचं म्हणणं, मार्क बदलायचा तर नियमाने बदला, एका पालकाने येऊन सांगितलं म्हणून एकाचा बदलला तर उद्या रांग लागेल. ते बरोबरच होतं. सरळ मार्ग म्हणजे आहे तसं ठेवायचं आणि सांगायचं की आता हा शब्द बोटीसाठीच वापरतात. पण प्रश्नात 'आता' कुठे होतं, आणि संदर्भ देणारं वाक्यही नव्हतं, नुसता सुटा शब्द फेकला होता मी.

विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या अर्धा द्या आणि मोकळ्या व्हा. मलाही दोन दिवस तेच बरं वाटत होतं. मग फोनवर आजोबांना बोलले तर ते हसले, "अर्धा पक्षी कुठं असतोय का बाई?"

प्रश्नच रद्द करून सगळ्यांना 1 मार्क देऊन टाकायचा हा पण एक पर्याय होता, आणि शाळेत तो सगळ्यात लोकप्रिय असतो कारण कोणी भांडत नाही. पण मग पक्षी बरोबर होता की नाही हे कोणालाच कळलं नसतं, त्या मुलीलाही नाही.

उरला शेवटचा पर्याय, शब्द नीट तपासायचा आणि जे जे अर्थ बसतात त्या सगळ्यांना पूर्ण मार्क. यात काम जास्त होतं. तरी हाच घेतला, आणि कारण फार उदात्त वगैरे नव्हतं, मलाच आता राहवत नव्हतं.

काय केलं

आधी शब्द फोडला. पाण सोपं आहे, पाणी, संस्कृत पानीय म्हणजे पिण्याजोगं, त्यावरून प्राकृतात पाणिअ आणि मग आपलं पाणी. बुडी मात्र मजेशीर. बुडणे हे क्रियापद प्राकृतातल्या बुड्डवरून आलेलं, आणि हिंदीत तेच उलटं होऊन डूबना झालं, ब आणि ड ची अदलाबदल, जशी आपण नुकसानचं नुसकान करतो. हिंदीत बूड़ना पण आहे, मराठीत डुबकी पण आहे, म्हणजे दोन्हीकडे दोन्ही रूपं फिरताहेत. आणि हिंदीत बोटीला काय म्हणतात, पनडुब्बी. तेच दोन तुकडे, पन म्हणजे पाणी आणि डुब्बी म्हणजे बुडी. आणि पनडुब्बी हे हिंदीत त्याच पक्ष्याचंही नाव आहे. इथे मी खुर्चीतून उठले.

मग शब्दकोश. पाणबुड्या म्हणजे बुडी मारून तळाची वस्तू काढणारा माणूस, हे तर आपण पेपरातही वाचतो, कोणी नदीत वाहून गेलं की पाणबुड्यांनी शोध घेतला अशी बातमी येतेच. लाकूड तोडणारा लाकूडतोड्या, तसा पाण्यात बुडी घेणारा पाणबुड्या, आणि तिथे ई लावला की पाणबुडी. पक्षी आणि माणूस केव्हापासून बुड्या मारताहेत, बोट तर कालची. 1620 च्या सुमाराला ड्रेबेल नावाच्या डच माणसाने लंडनच्या थेम्स नदीत वल्ह्यांनी चालणारी पाण्याखालची नाव चालवून दाखवली होती, 1864 मधे अमेरिकन यादवीत हनली नावाच्या पाणबुडीने पहिल्यांदा शत्रूचं जहाज बुडवलं आणि त्यात ती स्वतःही गेली, आणि अमेरिकेच्या नौदलाने हॉलंड ही पाणबुडी घेतली ती 1900 मधे. म्हणजे बोटीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा शब्द आधीच पाण्यात उतरलेला होता.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी दुसरी चूक केली.

मधली चूक

सोमवारी वर्गात गेले आणि उत्साहात सांगून टाकलं, मुलांनो, पाणबुडी हे मूळ पक्ष्याचं नाव, त्या पक्ष्यावरून बोटीला नाव पडलं. फळ्यावर बाणसुद्धा काढला, पक्षी ते बोट. ती मुलगी लाजून हसत होती, मला फार छान वाटत होतं.

मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "बाई, मग रामकुंडात पैसे काढायला बुड्या मारतात त्या माणसांना पण पक्ष्यावरूनच नाव पडलं का?"

मी अडकले. कारण माणसाला पक्ष्यावरून नाव पडलं म्हणण्यापेक्षा दोघांना एकाच कामावरून पडलं हे जास्त सरळ आहे. बाण चुकीचा होता. शब्द पक्ष्याचा नव्हताच, बोटीचा पण नव्हता, शब्द होता बुडीचा. जो कोणी पाण्यात बुडी मारेल त्याला तो लागतो, माणूस, पक्षी, यंत्र. पक्ष्यावरून बोट ही गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच मी ती न तपासता सांगितली. निर्णयाची खरी जागा इथे होती, मार्काच्या वेळी नव्हती. पहिल्या चुकीची भरपाई करायच्या नादात मी दुसऱ्या टोकाला गेले. बाण पुसला आणि सांगितलं की मी घाई केली, शनिवारपर्यंत थांबा.

तो आठवडा

8 डिसेंबर हा आपल्या नौदलाचा पाणबुडी दिवस, कारण 1967 मधे त्या तारखेला पहिली भारतीय पाणबुडी, आयएनएस कलवरी, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे मामा पाणबुडीवर होते, आता रिटायर होऊन पाथर्डी फाट्याला राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी भाषण केलंच नाही. एक प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आणली होती, त्यात पेनचं टोपण, टोपणाच्या दांडीला चिकणमातीची गोळी लावलेली, वर आत थोडी हवा. बाटली दाबली की टोपण खाली, सोडली की वर. पोरं ओरडायला लागली, बुडी मारली, बुडी मारली!

मग त्यांनी सांगितलं की पाणबुडीला टाक्या असतात, वरच्या झडपा उघडल्या की हवा निघून जाते आणि खालून पाणी भरतं, बोट जड होते, खाली जाते. वर यायचं तर साठवलेली दाबाची हवा टाकीत सोडायची, पाणी बाहेर ढकललं जातं. एकाने विचारलं, "काका, पाणबुडी बुडते का?" ते म्हणाले, "आम्ही बुडत नाही रे, आम्ही बुडी मारतो. बुडणं वेगळं." आणि थोडं थांबले. 14 ऑगस्ट 2013 ला मुंबईच्या गोदीत आयएनएस सिंधुरक्षकमधे स्फोट झाले, ती जागेवरच बुडाली, 18 जण गेले, हे त्यांनी दोन वाक्यात सांगितलं आणि पुढे गेले. मला मात्र व्याकरणाचा तास तिथेच मिळाला. बुडणे आपोआप होतं, आपल्यावर येतं, धंदा बुडतो, पैसे बुडतात, माणूस बुडतो. बुडी मारणे आपण मारतो, आणि त्यात वर येणं धरलेलंच असतं. शब्दात दोन्ही एकाच मुळाचे आहेत आणि अर्थामधे जीव गेल्याइतका फरक आहे.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडून कळली ती मला सगळ्यात आवडली. इंग्रजी सबमरीन हा शब्द लॅटिनमधून आला, सब म्हणजे खाली आणि मारे म्हणजे समुद्र, आधी तो नुसता विशेषण होता, समुद्राखालच्या वनस्पतींनाही लागायचा, बोटीचं नाव तो नंतर झाला. जर्मन लोकांचा यू-बोट म्हणजे पण उंटरझेबोट, समुद्राखालची बोट. फ्रेंच तसंच. हे सगळे शब्द ती कुठे असते ते सांगतात. मराठी आणि हिंदी शब्द ती काय करते ते सांगतो. आणि काका म्हणाले की जुन्या डिझेलच्या बोटी बहुतेक वेळ वरच चालायच्या, कारण डिझेल इंजिनला हवा लागते, खाली गेलं की बॅटरीवर, आणि बॅटरी संपते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची नेहमीची सातव्या प्रकारची यू-बोट वर सुमारे 17 नॉट वेगाने जायची, पाण्याखाली जेमतेम 7 ने. म्हणजे ती समुद्राखालची बोट नव्हतीच, गरज पडली की बुडी मारणारी बोट होती. आमचाच शब्द जास्त बरोबर होता की मग!

एक हुशार मुलगी लगेच म्हणाली, पण अणुऊर्जेवरची असते तिला तर हवेसाठी वर यायलाच लागत नाही. काका म्हणाले हो, जेवण संपेपर्यंत खाली राहू शकते. "मग ती पाणबुडी नाही, मासा झाली." काका इतके हसले, म्हणाले आमच्या पहिल्या बोटीचं नावच माशाचं होतं, कलवरी म्हणजे एक प्रकारचा शार्क, मल्याळममधला शब्द. मग कोणीतरी आयएनएस खांदेरी या पाणबुडीचं काढलं, ते नाव मात्र महाराजांच्या अलिबागजवळच्या सागरी किल्ल्याचं, आणि अर्धा तास त्यावरच गेला.

रविवारी आम्ही 20 मुलं आणि तीन पालक नांदूर मध्यमेश्वरला गेलो. नाशिकपासून 40 किलोमीटरच्या आसपास, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांपैकी एक. सगळे हिवाळी पाहुणे बघायला येतात, बदकं, करकोचे, दुर्बिणी तिकडे वळलेल्या. आम्ही मात्र काठाजवळच्या गवतात एक बारकुंडा तपकिरी पक्षी शोधत होतो, कबुतराहून लहान, शेपूट जवळपास नाहीच. सोबतचे गाईड म्हणाले ही टिबुकली. आमची मुलगी म्हणाली, "आम्ही पाणबुडीच म्हणतो." गाईड म्हणाले, म्हणतात ना, तेही म्हणतात.

आणि ती बुडी! दोन प्रकारच्या असतात. एक नेहमीची, चोच खाली करून टुबुक. दुसरी बघून मी गप्प झाले, पक्षी न हलता नुसता खाली खाली जातो, आधी पाठ, मग मान, मग डोकं, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. पिसं अंगाशी दाबून त्यातली हवा काढून टाकतो तो, म्हणून जड होतो. म्हणजे काकांच्या टाक्यांचीच युक्ती. त्याच्या शास्त्रीय नावातही ग्रीकमधे 'झटकन बुडणारा' असाच अर्थ आहे, टॅकिबॅप्टस. इंग्रजीत त्याला डॅबचिक म्हणतात, तिथेही डॅब म्हणजे बुडीच. ज्याने ज्याने हा पक्षी पाहिला त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

निकाल

पक्षी, माणूस आणि बोट, तिन्ही अर्थांना पूर्ण 1 मार्क. दोन्ही तुकड्यांचे पेपर परत तपासले, सरांच्या सहीने यादी बदलली, दोनच मुलांचा मार्क वाढला. 'सबमरीन' लिहिणाऱ्यांचा कापला नाही, दिलेला मार्क काढून घ्यायला मन होईना, पण वर्गात सांगितलं की पुढच्या वेळी चालणार नाही. आजोबांना फोन केला तर म्हणाले, "मार्काचं ऱ्हाउद्या, पाह्यली का?" मी म्हणलं पाहिली. "मग झालं."

आज परत करायचं झालं तर

पहिलं म्हणजे सुटा शब्द देणार नाही. वाक्य देईन किंवा वाक्य मागेन. हा शब्द त्यासाठी फार भारी आहे, कारण बोटीचं अनेकवचन पाणबुड्या आणि बुडी मारणाऱ्या माणसाचं एकवचन पण पाणबुड्या! 'पाणबुड्या वर आल्या' आणि 'पाणबुड्या वर आला', फरक फक्त क्रियापदात. पुढच्या चाचणीत मी हेच विचारलं, या शब्दाची दोन वाक्यं करा, अर्थ वेगळे हवेत. बऱ्याच जणांना जमलं.

दुसरं, काट मारण्याआधी मुलीला वर्गात एकदा विचारलं असतं, 'हा कुठे पाहिलास ग?', तर आजोबांना भाजीची पिशवी घेऊन यावं लागलं नसतं. फळ्यावरचा तो बाण पण काढला नसता, निदान रात्रभर थांबले असते. आणि गोदाघाटावरच्या बुड्या मारणाऱ्या पोरांपैकी कोणाला तरी शाळेत बोलवायला हवं होतं, काकांना बोलावलं, पक्षी बघायला 40 किलोमीटर गेलो, आणि जे रामकुंडावर रोज असतात त्यांचं कोणाला सुचलंच नाही.

राहिला तो मुलगा, 'पाण्यात बुडालेली बोट'वाला. त्याचं शून्य मी शून्यच ठेवलं. बुडी म्हणजे बुडालेली नाही, हे त्याला समजावून सांगितलं, बाटलीचं टोपण दाखवून पण सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण बाई, पाणबुडी टाकीला भोक पडून बुडाली तर ती पाणबुडीच राहते ना, मग ती पाण्यात बुडालेली बोट झाली की नाही?" अजून कॉरिडॉरमधे भेटला की हात वर करून विचारतो, "बाई, माझ्या मार्काचं काय झालं?"